डबा हातात घेतलेला गायक : बिल विदर्सच्या पहिल्या एलपीची नवी प्रत

रेकॉर्ड घरी आणली त्या रात्री मी ती आधी वाजवली नाही, काट्यावर ठेवली. प्लास्टिकच्या वेष्टनावरच्या स्टिकरवर १८० ग्रॅम छापलं होतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८३ भरली. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे, यंदा २४ वर्षं होतील. माल हातात आला की आधी मोजायचा आणि मगच बोलायचं, हे अंगवळणी पडलंय.

रेकॉर्ड आहे अमेरिकन गायक बिल विदर्सची पहिली एलपी, 'जस्ट ॲज आय ॲम'. मूळ १९७१ची, अमेरिकेतल्या ससेक्स नावाच्या छोट्या कंपनीने काढलेली. माझ्याकडे आहे ती अलीकडे नव्याने छापलेली प्रत. फोर्टातल्या एका दुकानातून २,८०० रुपयांना घेतली. एका तबकडीला एवढे पैसे घालायचे म्हणजे आमच्यासारख्या घरात दोन दिवस विचार करावा लागतो. म्हणून काय मिळालं ते नीट सांगतो.

आधी कव्हर. मोबाइलवर ही गाणी शंभरदा ऐकलेल्या माणसानेही हे कव्हर एकदा बारा इंचात बघावं. भिंतीपाशी एक ३२ वर्षांचा माणूस उभा आहे, हसतोय, आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा आहे. पत्र्याचा, वर धरायला कडी असलेला. हा स्टुडिओत कामगाराचे कपडे चढवून काढलेला फोटो नाही. विदर्स तेव्हा लॉस एंजेलिसजवळ वेबर एअरक्राफ्ट या कारखान्यात खरोखरच कामाला होता. बोइंग ७४७ विमानांसाठी संडास तयार करण्याचं काम. फोटो त्या कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत काढला. पहिली रेकॉर्ड येतेय म्हणून त्याने काम सोडलं नव्हतं. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही, हातचं काम सोडून चालणार नाही, हा त्याचा साधा हिशोब होता.

त्या काळातल्या सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतातल्या, गायकांची कव्हरं आठवून बघा. चकचकीत सूट, कपाळावर घाम, हातात माइक. त्यात हा माणूस डबा घेऊन उभा. मला वाटतं, या एलपीतलं सगळं गाणं त्या एका फोटोत आधीच सांगून झालंय. कष्टाचं काम करणाऱ्या घरात वाढलेला माणूस गायला लागला की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तो ते घर मागे टाकतो. दोन, त्या घराचं मोठं भांडवल करतो. विदर्सने दोन्ही केलं नाही. त्याने आपला डबा खाली ठेवला नाही, एवढंच.

आता छपाईबद्दल. मला मिळालेल्या पहिल्या प्रतीत दोष होता आणि तो अगदी माझ्या धंद्यातला होता: मधलं भोक मध्यावर नव्हतं. आमच्याकडे याला रनआउट म्हणतात. टर्नटेबल फिरताना वरून सुईच्या दांड्याकडे बघितलं की कळतं, दांडा प्रत्येक फेऱ्याला किंचित आत-बाहेर डोलतो. जलद गाण्यात हा दोष लपून जातो. पण दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'होप शी'ल बी हॅपियर', अतिशय संथ आहे. विदर्स एकेक स्वर लांबवत नेतो आणि मागे जवळजवळ काहीच नसतं. तिथे स्वर फेऱ्यागणिक वर-खाली हलायला लागला. इतका स्थिर गळा थरथरताना ऐकून मला अक्षरशः वाईट वाटलं, कुणी त्याच्यावर अन्याय करतंय असं. दुकानदाराने काहीही न बोलता बदलून दिली. दुसरी प्रत चांगली आहे. काचेवर ठेवून बघितली, सपाट आहे, भोक मध्यावर आहे. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला चार-पाच बारीक टिचक्या येतात, त्या धुऊनही गेल्या नाहीत. तेवढं मी सोडून दिलं. घेणाऱ्यांनी मात्र आधी हे संथ गाणं वाजवून बघावं. प्रत चांगली की वाईट, दीड मिनिटात कळेल.

आतलं कागदी पाकीट खरखरीत आहे, ते पहिल्या दिवशीच बदला. कव्हरचा पुठ्ठा जाड आहे, कोपरे मजबूत आहेत. छपाई जराशी गडद वाटली.

आणि आवाज? आवाजासाठीच हे पैसे द्यायचे. या एलपीत वाद्यं कमी आहेत. ॲकॉस्टिक गिटार, बेस, ड्रम, जागा मिळेल तिथे ऑर्गन, कुठे कुठे तंतुवाद्यं. मोबाइलवर ऐकताना हे सगळं एका पातळ चादरीसारखं कानावर पडतं. रेकॉर्डवर गिटारची तार आणि तिच्यावर घासणारं बोट वेगळं ऐकू येतं. 'एन्ट नो सनशाइन' सुरू होताना आधी वाद्यांची सुरुवात नाहीच. सरळ गळा. सुई टेकते, मागच्या गाण्यानंतरची खरखर असते, आणि एकदम माणूस बोलायला लागावा तसं गाणं सुरू होतं. ते ऐकायला मी रात्री साडेअकराला, घरातले झोपल्यावर बसतो.

विदर्स कुठून आला हे थोडं सांगायला हवं, नाहीतर गाण्यात इतकी मोकळी जागा का आहे ते कळत नाही.

४ जुलै १९३८ला वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या वस्तीत त्याचा जन्म. सहा भावंडांत शेंडेफळ. वडील खाणकामगार. आई-वडील तो लहान असतानाच वेगळे झाले आणि तो जवळच्या बेकली गावात आई-आजीच्या हाताखाली वाढला. १३ वर्षांचा असताना वडील गेले. आमच्या घरात खाणीत न उतरलेला पहिला पुरुष मीच, असं तो पुढे सांगायचा. नौदलात गेला, नऊ वर्षं राहिला. १९६७मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि कारखान्यात लागला. गाण्याचं शिक्षण काही नाही. वस्तू गहाण ठेवतात त्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार घेतली आणि आपली आपण शिकला.

गाण्याकडे वळण्याचं कारणही कामगाराचंच होतं. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स गाणार होता आणि उशीर झाला होता. क्लबचा मालक वैतागून बडबडत होता की आठवड्याला दोन हजार डॉलर देतो तरी हा माणूस वेळेवर येत नाही. ते विदर्सच्या कानावर पडलं. त्याला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते. त्याने ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आणि कधी तिला 'कलेची ओढ' वगैरे मुलामा दिला नाही. मला त्याचं हे फार आवडतं. तासाचा रेट माहीत असलेला माणूस आहे हा.

आणि तो तोतरा होता. लहानपणापासून ते साधारण २८ वर्षांचा होईपर्यंत. आमच्या शॉपमध्ये एक सेटर आहे, हुशार पोरगा, त्याचं 'प' आणि 'म' वर अडतं. मीटिंगमध्ये तो उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, डोक्यात वाक्य फिरवून अडणारा शब्द बाजूला काढतो आणि मग बोलतो. त्याचं वाक्य नेहमी आमच्यापेक्षा छोटं असतं आणि नेमकं असतं. गणपतीत आरती म्हणताना मात्र एकदाही अडखळत नाही. विदर्सची गाणी ऐकताना मला सारखा तो आठवतो. शब्द लहान, रोजचे, घरातले. दोन शब्दांमध्ये जागा. एकही शब्द नुसता भरीला घातलेला नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक शब्दासाठी किंमत मोजलेल्या माणसाची ही भाषा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सोल संगीत म्हटलं की लोकांना आठवतो तो टाहो. ते बरोबरही आहे. ते संगीत काळ्या लोकांच्या चर्चमधून आलंय. चर्चमधलं गॉस्पेल, म्हणजे देवाचं गाणं, बाहेर पडलं, ब्लूज या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्याशी त्याची गाठ पडली, देवाच्या जागी प्रेयसी आली, पण हाक तीच राहिली. मुख्य गाणारा एक ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. लालबागला आमच्या चाळीत कोकणी भजन बसायचं तेव्हा बुवांनी ओळ टाकली की बाकीचे ती तशीच उचलायचे, पखवाज चढत जायचा, झांज-चकी वाजायची, आणि शेवटी आख्खा जिना हलायचा. ज्याने ते लहानपणी अंगावर घेतलंय त्याला सोल समजावून सांगावं लागत नाही.

पण विदर्सचं सोल टाहो फोडत नाही. 'ग्रँडमाज हँड्स' हे तिसरं गाणं घ्या. आजीच्या हातांवरचं गाणं. रविवारी सकाळी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, डफली वाजवणारे, नातवाला पळू नकोस म्हणून बजावणारे, कधी कधी दुखणारे आणि सुजणारे हात. गाणं दोन मिनिटांचं. सुरुवातीला तो नुसता गुणगुणतो, तोंड बंद ठेवून, आणि गिटारचा तोच तो छोटा तुकडा फिरत राहतो. आख्खं चर्च त्या गाण्यात आहे, पण ते एका पोराच्या उंचीवरून दिसणारं चर्च आहे, आजीच्या मांडीजवळून. त्यामुळे ओरडायची गरजच पडत नाही. तिथे देवाबद्दल फार काही बोलणं नाही. हात बोलतात.

हे मी फार वेळा ऐकलंय आणि तरी दर वेळी 'सुजणारे' या जागी थांबतो. आजीवर गाणं लिहिणारे खूप असतील. तिचे हात दुखतात हे गाण्यात घालायला ते दुखताना जवळून बघितलेलं असावं लागतं. १९९६मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने याच गाण्याचा तुकडा उचलून आपलं 'नो डिगिटी' बांधलं आणि ते जगभर वाजलं. त्या गुणगुणण्यात किती दम आहे याचा तो पुरावा समजा.

स्टुडिओतली हकिकतही सांगण्यासारखी आहे. ही रेकॉर्ड बुकर टी. जोन्सने बसवली. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत बुकर टी. अँड द एमजीज हा जो गट होता, त्याचा तो प्रमुख. साठच्या दशकातल्या दक्षिणेकडच्या सोलमधलं निम्मं काम या लोकांच्या हातून गेलेलं. त्याने आपल्या गटातले दोन गडी आणले, बेसवर डक डन आणि ड्रमवर अल जॅक्सन. गिटारला स्टीफन स्टिल्स. इतकी मोठी माणसं जमलेली बघून विदर्सने बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि ही गाणी गाणार कोण, असं विचारलं. तूच, असं उत्तर मिळालं. आपण फक्त गाणी लिहून आणलीत, गाणारा कुणी दुसरा असेल, असं या माणसाला वाटत होतं.

पैसेही नव्हते. तीन-तीन तासांच्या चार बैठका ठरल्या होत्या, प्रत्यक्षात तीनच झाल्या, आणि दुसरी ते तिसरी यांच्यामध्ये सहा महिने गेले. एवढ्या वेळात आख्खी एलपी करायची म्हणजे वाया घालवायला काही नाहीच. मशीनचा तास महाग असला की ऑपरेटर हात आवरून काम करतो, तसं इथे सगळे वाजवतात. अल जॅक्सनचा ड्रम ऐका. गरज नसताना एक ठोका जास्तीचा नाही.

'एन्ट नो सनशाइन'मधली ती प्रसिद्ध जागाही अशीच. मध्येच विदर्स 'आय नो' हे दोन शब्द म्हणत सुटतो, सलग २६ वेळा. तिथे तो खरं तर आणखी शब्द लिहिणार होता. बुकर टी. आणि बाकीच्यांनी सांगितलं, राहू दे, असंच ठेव. तो स्वतः सांगायचा की ही सगळी अनुभवी माणसं, मी कारखान्यातला, म्हणून मी ऐकलं. मी ती जागा मोजत ऐकली आहे. साधारण दहा-बाराव्या वेळेला ते शब्द राहत नाहीत, श्वास होतो. मागे ड्रमशिवाय जवळजवळ काही नाही. प्रेयसी गेली आहे हे त्याला माहीत आहे, माहीत आहे, माहीत आहे, आणि माहीत असून काही उपयोग नाही. नवीन शब्द घातले असते तर गाणं शहाणं झालं असतं आणि मेलं असतं. दोन मिनिटांच्या आसपास संपणारं हे गाणं मुळात दोन गाण्यांच्या वेगळ्या छोट्या तबकडीवर 'हार्लेम' या गाण्याच्या पाठीला, दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली. १९७२मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. गाणं खपलं तेव्हा कंपनीने विदर्सला सोनेरी रंगाचं संडासाचं सीट भेट दिलं, त्याच्या कामाची आठवण म्हणून.

रेकॉर्ड येईपर्यंत कारखान्यातून त्याला कमी केलं होतं. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली असं तो सांगायचा. एक कारखान्याचं, कामावर परत या म्हणून. दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं, गायला या म्हणून.

'हार्लेम', न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीवरचं गाणं, स्वतः कमी नाही. तापलेली उन्हाळ्यातली रात्र, मग थंडी आणि गरम न होणारा हीटर, भाडेकरू गारठून मेला तरी ज्याला फरक पडत नाही असा घरमालक. मग शनिवारची मजा. मग रविवारची सकाळ, रात्रभर पार्टी करून घरी येणारे आणि नटूनथटून चर्चला निघालेले एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. प्रत्येक कडव्याला ताल चढतो. या एका गाण्यात विदर्स जरा मोठ्याने गातो. 'आय'म हर डॅडी' दुसऱ्या बाजूला आहे: आपल्याला सहा वर्षांची मुलगी आहे हे उशिरा कळलेला बाप तिच्या आईला प्रश्न विचारत राहतो, ती माझ्याबद्दल विचारते का, तू तिला काय सांगितलंस. उत्तर कुठेच येत नाही. मला दोन मुली आहेत, हे गाणं मी चारचौघांत ऐकत नाही.

सगळंच सोनं आहे असं म्हणणार नाही. बीटल्सचं 'लेट इट बी' इथे का घेतलं ते मला अजून पटलेलं नाही. गायलंय प्रामाणिकपणे, पण दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटतं. 'मोनिन अँड ग्रोनिन' जागा भरायला आहे. शेवटचं 'बेटर ऑफ डेड' दारूत घर घालवलेल्या माणसाचं. शब्द जबरदस्त आहेत, पण अखेरीस बंदुकीचा आवाज टाकलाय, तो नसता तर जास्त लागलं असतं. आणि एक सूचना: 'लीन ऑन मी' या रेकॉर्डवर नाही. ते पुढच्या वर्षीच्या 'स्टिल बिल'वर. दुकानात विचारणारे बरेच जण त्या गाण्यासाठी ही उचलतात आणि मग हिरमुसतात.

'लीन ऑन मी'चा विषय निघालाच आहे तर सांगतो, ते गाणं स्लॅब फोर्कमधूनच आलंय. लॉस एंजेलिसमध्ये आल्यावर त्याला शेजार आठवला, अडीनडीला मागायला जाता येतं असा शेजार. चालही बघा, पियानोवर बोटं एकामागून एक पट्ट्यांवरून वर जातात आणि तशीच खाली येतात. पेटी शिकणाऱ्या पोराचा पहिला पलटा. माझ्या धाकटीने तो कॅसिओवर दहा मिनिटांत वाजवला. एवढ्या साध्या हालचालीवर १९७२च्या जुलैमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. साधं करायला कौशल्य कमी लागतं असं वाटणाऱ्यांनी एकदा शंभर पार्टचा लॉट एकाच मापात काढून दाखवावा.

पुढे ससेक्स बुडाली, तो कोलंबियाकडे गेला. तिथे त्याने काय गावं, कसं गावं हे सांगणारे लोक भेटले. १९७७चं 'लव्हली डे' त्यातलंच, त्यात त्याने एक स्वर १८ सेकंद धरलाय. मग १९८५मध्ये शेवटची एलपी काढली आणि गाणं बंद केलं. नंतरची ३५ वर्षं, ३० मार्च २०२०ला जाईपर्यंत, तो घरचा माणूस म्हणून जगला. २०१५मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं, स्टीव्ही वंडरने त्याला मंचावर आणलं, तेव्हाही नव्याने सुरू करण्याची घाई त्याला नव्हती. लोक याला गूढ म्हणतात. मला यात गूढ काही दिसत नाही. तिशी उलटेपर्यंत दुसरं काम करून पोट भरलेल्या माणसाला माहीत असतं की हे काम गेलं तरी आपण राहतो. कामाच्या जागी अपमान होत असेल तर डबा उचलायचा आणि गेटबाहेर पडायचं.

माझे बाबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. लोअर परळला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, पण स्वतःला कायम साचेवालाच म्हणवून घेतलं. आता ८१ वर्षांचे आहेत. २० वर्षं साच्यांच्या धडाक्यात काढल्यामुळे कान जवळजवळ गेलेत. खात्यात एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे, तीच सवय अजून आहे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यामुळे मी त्यांना कधी रेकॉर्ड ऐकवायचा विचार केला नव्हता.

त्या रविवारी ते समोर बसले होते आणि कव्हर टीपॉयवर होतं. त्यांनी ते उचललं, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"हो खंयच्या गिरणीतलो?" त्यांनी विचारलं.

मी मोठ्याने, ओठ नीट हलवून सांगितलं, अमेरिकेतला, विमानाच्या कारखान्यातला, आणि गायक आहे.

त्यांनी मान हलवली. मग डब्यावर बोट ठेवलं. "डबो भरलेलो आसा," म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी स्वतःचा उजवा हात सोडला आणि मनगटाचा कोन करून दाखवला, भरलेला डबा असा लोंबतो, रिकामा असा. मी त्या फोटोकडे इतके दिवस बघतोय, माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरं-खोटं मला ठरवता येणार नाही, पण २० वर्षं डबा नेलेल्या माणसाचं माप मी घेतो.

मी 'ग्रँडमाज हँड्स' लावलं. बाबा उठले आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर पंजा टेकवून उभे राहिले. बेस तिथे हाताला लागतो. त्यांच्या तर्जनीचं पेर साच्यात अडकून वाकडं झालेलं आहे, तेवढं एक बोट लाकडाला टेकत नव्हतं, बाकीची चार टेकली होती. दोन मिनिटं तसेच उभे राहिले. गाणं संपलं, सुई पुढच्या गाण्यात शिरली, आणि त्यांनी हात न काढता माझ्याकडे बघितलं.

"ह्या परत लाव."